वाट विसरलेल्या क्रौंचांना विमानाची सोबत

कोलकात्यात चौरंगीवर जे भव्य इंडियन म्युझियम आहे, त्याला बंगाली माणूस 'जादूघर' म्हणतो. १८१४ साली एशियाटिक सोसायटीने सुरू केलेले हे देशातले सर्वांत जुने संग्रहालय. इजिप्तची ममी, भारहूतचे दगडी कठडे, प्रचंड सांगाडे पाहायला इथे रोज माणसांची रीघ लागते. पण याच संग्रहालयाच्या संग्रहात कागदावर रंगवलेले एक लहानसे चित्र आहे आणि पक्ष्यांच्या अभ्यासकांच्या दृष्टीने त्याचे मोल फार मोठे आहे. जहांगीर बादशहाच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मनसूर याने १६२५ च्या सुमारास ते काढले. चित्रात एक उंच, पांढराशुभ्र पक्षी उभा आहे. त्याचा चेहरा लाल आहे आणि त्यावर पिसे नाहीत. लांब पायांवरच्या सुरकुत्या आणि बोटांची नखेसुद्धा मनसूरने सोडलेली नाहीत.

हा पक्षी म्हणजे सायबेरियन क्रौंच. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी त्याचे रीतसर वर्णन केले ते १७७३ साली, पीटर सायमन पालास याने. म्हणजे शास्त्राच्या पुस्तकात नाव लागण्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी हा पक्षी आपल्याकडे चित्रात आला होता. जहांगीर हा पशुपक्ष्यांचा मोठा शौकीन. पाळलेल्या सारस जोडीची अंडी नर आणि मादी पाळीपाळीने कशी उबवतात, याची नोंद त्याने स्वतःच्या आठवणींत करून ठेवली आहे. मनसूरला त्याने 'नादिर-उल-अस्र', म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताब दिला होता. याच मनसूरच्या नावावर डोडो पक्ष्याचेही एक चित्र आहे. ते रशियात सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. डोडो सतराव्या शतकातच पृथ्वीवरून नाहीसा झाला. सायबेरियन क्रौंच अजून आहे, पण भारतात तो आता फक्त चित्रांत, फोटोंत आणि जुन्या पुस्तकांत उरला आहे.

कोलकात्याच्या छापखान्यातला पुरावा

या पक्ष्याशी कोलकात्याचे नाते चित्रापुरतेच नाही. एडवर्ड ब्लाइथ हा इंग्रज पक्षितज्ज्ञ १८४१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून इथे आला आणि वीसेक वर्षे राहिला. क्रौंचकुळावर त्याने केलेले लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १८८१ साली पुस्तकरूपाने बाहेर आले. त्याच सुमारास, १८७९ ते १८८१ या काळात, ह्यूम आणि मार्शल यांचा भारतातल्या शिकारी पक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ कोलकात्यात छापला गेला. यातले ह्यूम म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. राजकारणात नाव गाजण्याआधी ते उत्तर प्रदेशातल्या इटावाचे कलेक्टर होते आणि फावल्या वेळात तिथल्या तळ्यांकाठी हे पांढरे क्रौंच न्याहाळत असत. त्या काळाच्या रीतीप्रमाणे बंदूकही चालवत, हे सांगायलाच हवे.

ह्यूम यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. हे पक्षी बहुधा कुटुंबाने राहतात. आई, बाप आणि त्यांच्यासोबत तांबूस-तपकिरी रंगाचे एकच पिलू. हिवाळाभर ते पिलू आईबापांपासून फारसे दूर जात नाही. वाचायला ही बाब साधी वाटते, पण पुढच्या शतकात माणसांना पांढरे झगे घालून विमाने का उडवावी लागली, याचे उत्तर याच निरीक्षणात आहे.

रस्ता रक्तात नसतो

कोकिळेचे पिलू कावळ्याच्या घरट्यात वाढते, तरी मोठे झाल्यावर ते कोकिळेचेच आयुष्य जगते. बऱ्याच लहान स्थलांतरी पक्ष्यांचेही तसेच असते. कधी निघायचे, कोणत्या दिशेला उडायचे, हे ते जन्मतःच घेऊन येतात. क्रौंचांचे तसे नाही. थंडी पडू लागली की निघावे, एवढी ओढ त्यांच्यात उपजत असते. पण जायचे कुठे, कोणत्या तळ्यावर उतरायचे, कोणता डोंगर टाळायचा हे त्यांना आईबाप दाखवतात. पहिल्या हिवाळ्यात पिलू त्यांच्यामागून एकदा दक्षिणेला जाते आणि ती वाट त्याच्या डोक्यात पक्की बसते. पुढे तेच पिलू आईबाप होऊन आपल्या पिलाला नेते.

म्हणजे हा रस्ता पिढ्यानपिढ्या हातावरून हातावर आलेल्या पाककृतीसारखा आहे. कुठे लिहून ठेवलेला नाही. तो जाणणारे शेवटचे पक्षी मेले की रस्ताही मरतो. मग प्राणिसंग्रहालयात कितीही पिले वाढवली तरी त्यांना हिवाळ्यात कुठे जायचे हे सांगणारे कोणी उरत नाही.

सायबेरियन क्रौंचांचे तीन समूह होते. पूर्वेकडचा समूह याकुतियातून चीनमधल्या पोयांग सरोवराकडे जातो. तो अजून टिकून आहे, काही हजारांच्या संख्येत. पश्चिमेकडचा समूह इराणमध्ये कास्पियन समुद्राच्या काठी उतरत असे. आणि मधला समूह पश्चिम सायबेरियातल्या ओब नदीच्या खोऱ्यातून निघून सुमारे पाच हजार किलोमीटर उडत आपल्या भरतपूरला येत असे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दर हिवाळ्यात कोलकात्याजवळ हावड्याच्या सांतरागाछी तलावावर हजारो बदके जमतात आणि लोक कौतुकाने 'सायबेरियाचे पाहुणे' पाहायला जातात. आपल्याकडेही कुठल्याही तळ्यावर अनोळखी पाखरे दिसली की ती सायबेरियाची, असे ठरूनच गेलेले असते. प्रत्यक्षात सांतरागाछीला मोठी गर्दी असते ती अडई या आपल्याच देशी बदकाची. खरा सायबेरियन क्रौंच माणसाच्या छातीपेक्षा उंच असतो आणि उडताना त्याच्या पांढऱ्या पंखांची टोके काळी दिसतात. तो एकदा पाहिला तर विसरणे शक्य नाही. फक्त तो पाहायला मिळत नाही.

दोनशेवरून शून्यावर

भरतपूरचे केवलादेव हे मुळात तिथल्या महाराजांचे बदकांच्या शिकारीचे ठिकाण. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या पाहुणचारात एका दिवसात चार हजारांवर पक्षी पाडले गेले, याची नोंद तिथल्या दगडावर कोरलेली आहे. शिकार थांबली, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. मात्र क्रौंचांचा आकडा घसरतच गेला.

१९६४-६५ च्या हिवाळ्यात इथे सुमारे दोनशे सायबेरियन क्रौंच उतरले होते. सत्तरच्या दशकात ते शंभराच्या आत आले. ऐंशीच्या दशकात तीस-चाळीस. १९९२-९३ मध्ये फक्त पाच. पुढचे दोन हिवाळे एकही आला नाही आणि वर्तमानपत्रांनी त्यांचा मृत्युलेखही लिहून टाकला. मग १९९६ मध्ये अचानक चार पक्षी उतरले! पक्षिप्रेमींना कोण आनंद झाला. तो फार टिकला नाही. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली आणि वसंतात परत गेली. त्यानंतर भरतपूरला सायबेरियन क्रौंच आलेला नाही.

का झाले असे? मुख्य कारण वाटेवरचे. हे पक्षी कझाकस्तान, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून येत. अफगाणिस्तानातले आब-ए-इस्तादा हे उथळ सरोवर त्यांचा मोठा थांबा होता. १९७९ नंतर त्या देशात शांतता राहिली नाही आणि बंदुका घरोघरी पोचल्या. पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवर, कुर्रमसारख्या खोऱ्यांत, क्रौंच जिवंत पकडण्याचा जुना शौक आहे. रात्री तळावर पाळीव क्रौंच बांधून ठेवायचे, त्यांच्या हाकेने थवा खाली उतरू लागला की शिशाचे वजन बांधलेली दोरी आकाशात भिरकावायची. पंखात वा पायात दोरी गुंतली की पक्षी खाली. पकडणाऱ्यांना बहुतेक करडे करकोचे हवे असतात, पण अंधारात दोरीला निवड कळत नाही.

दोष सगळा शेजाऱ्यांचाच आहे असे मात्र नाही. १९८२ मध्ये उद्यानात म्हशी चारायला बंदी आली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही माणसे मेली. बंदी राहिली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी काही वर्षे पाहणी केली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. म्हशी गेल्यामुळे गवत बेसुमार माजले आणि उघडे उथळ पाणी आक्रसले. सायबेरियन क्रौंचाला तर असेच पाणी लागते. गुडघाभर पाण्यात चोच खुपसून लव्हाळ्याचे कंद उकरून खाणे, हा त्याचा हिवाळ्यातला दिनक्रम. ज्या निर्णयासाठी गावकऱ्यांचे जीव गेले, त्याचा पक्ष्यांनाही फायदा झाला नाही. उद्यान आखताना म्हैस पाळणाऱ्यांना कोणी विचारले असते, तर त्यांनी हे कदाचित आधीच सांगितले असते.

क्रौंचाबरोबर नाचणारा शास्त्रज्ञ

पक्षी संपण्याआधी अंडी वाचवावीत, ही कल्पना अमेरिकेतल्या दोन तरुणांची. जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सॉई यांनी १९७३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात बाराबू इथे इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन ही संस्था काढली. सॉई यांचा अभ्यासविषय सायबेरियन क्रौंच होता आणि त्यासाठी त्यांनी भरतपूरला मुक्काम ठोकला होता. १९८७ मध्ये ते अकाली वारले.

आर्चिबाल्ड यांची गोष्ट तर अनेक देशांतल्या वर्तमानपत्रांनी छापली. 'टेक्स' नावाची हूपिंग क्रेन जातीची एक मादी माणसांच्या हातावर वाढली होती. त्यामुळे ती स्वतःला माणूसच समजे आणि नराकडे ढुंकून पाहत नसे. क्रौंच जोडीने नाचल्याशिवाय मादी अंडी घालत नाही. तेव्हा आर्चिबाल्ड स्वतः तिच्याबरोबर नाचू लागले. हात पसरून उड्या मारायच्या, वाकायचे, गवताच्या काड्या हवेत उडवायच्या. हा उद्योग काही हंगाम चालला. जोडीला कृत्रिम रेतन केले गेले आणि १९८२ मध्ये एक पिलू जगले. त्याचे नाव 'जी व्हिज'. हा नर २०२१ पर्यंत जगला आणि अनेक पिलांचा बाप झाला.

टेक्सच्या या गोष्टीत हसू येण्यासारखे बरेच असले तरी शास्त्रज्ञांनी त्यातून धडा घेतला. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी दाखवून दिले होते की हंसाचे पिलू अंड्यातून बाहेर आल्यावर जे पहिले हलते-चालते दिसेल, त्यालाच आई मानते. या कामासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पिलाने माणसाला आई मानले तर पुढे घोटाळा होतो. पण त्याने विमानालाच आई मानले तर?

झगा, बाहुली आणि इंजिनाचा आवाज

कॅनडातला बिल लिशमन हा शिल्पकार. शास्त्रज्ञ नव्हे. त्याला पक्ष्यांबरोबर उडण्याचे वेड होते. १९८८ मध्ये त्याने आपल्या चिमुकल्या अल्ट्रालाइट विमानामागे हंसांचा थवा उडवून दाखवला. अल्ट्रालाइट म्हणजे पंखाखाली लटकलेली खुर्ची आणि मागे पंखा, एवढाच संसार. १९९३ मध्ये तो आणि जो डफ यांनी अठरा हंसांना ओंटारिओतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियात नेऊन सोडले. हिवाळा सरल्यावर त्यातले बहुतेक हंस आपले आपण घरी परतले. त्यावरून १९९६ मध्ये हॉलिवूडने चित्रपटही काढला.

खरी परीक्षा हूपिंग क्रेनची होती. १९४१ मध्ये या जातीचे जगात जेमतेम एकवीस-बावीस पक्षी उरले होते. जंगलातला मूळ थवा हळूहळू वाढला, पण तो एकाच वाटेने जाई. एखादे वादळ, एखादा साथीचा रोग, की सगळे संपले. म्हणून दुसरा थवा, दुसऱ्या वाटेवर उभा करायचा होता.

त्यासाठी केलेली तयारी एखाद्या बाळंतिणीच्या घरालाही लाजवेल अशी होती. पिलू अंड्यात असतानाच त्याला विमानाच्या इंजिनाचा आवाज आणि क्रौंचमातेची साद ध्वनिफितीवरून ऐकवली जाई. बाहेर आल्यावर त्याला माणूस दिसायचा नाही. सांभाळणारी माणसे अंगभर पांढरा झगा घालत, चेहरा झाकून घेत, अवाक्षर बोलत नसत. हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली असे आणि तिच्या चोचीतून अळ्या भरवल्या जात. थोडी मोठी झाली की पिले जमिनीवर गोल गोल फिरणाऱ्या विमानामागे धावू लागत. पंखांत बळ आले की एक दिवस विमान उडे आणि तीही उडत.

ऑक्टोबर २००१ मध्ये विस्कॉन्सिनच्या निसीडा अभयारण्यातून आठ तरुण क्रौंच विमानांमागे निघाले. पहाटे वारा शांत असताना उडायचे, ऊन चढून हवा उसळू लागण्याआधी उतरायचे. विमानाच्या पंखामागे हवेची जी लाट उठते तिच्यावर पक्षी तरंगत जात. जमिनीवरून एक तुकडी पुढे जाऊन रात्रीसाठी कुंपण उभारून ठेवी. हवामान बिघडले की दिवसच्या दिवस मुक्काम. एका वादळी रात्री कुंपण कोसळले आणि एक पक्षी दगावला. अखेर अठ्ठेचाळीस दिवसांनी, एकोणीसशेहून अधिक किलोमीटर कापून, उरलेले सात फ्लोरिडात पोचले. तिथे दोघांना बॉबकॅट जातीच्या रानमांजरांनी मारले. राहिले पाच.

२००२ चा वसंत आला. विमान नव्हते, झगेवाले नव्हते, बाहुली नव्हती. एके दिवशी ते पाचही पक्षी आपणहून उडाले आणि विस्कॉन्सिनला येऊन उतरले. एकदाच दाखवलेली वाट त्यांना पाठ झाली होती.

पुढे दरवर्षी नवी तुकडी नेली जाऊ लागली. संकटे आलीच. २ फेब्रुवारी २००७ च्या रात्री फ्लोरिडात चक्री वादळ झाले आणि कुंपणातले अठरापैकी सतरा पक्षी एका रात्रीत गेले. त्यांना वाढवणाऱ्या माणसांनी मात्र त्याच वर्षी पुन्हा नवी अंडी उबवायला ठेवली.

वादळांपेक्षा मोठी अडचण निराळीच निघाली. हे पक्षी प्रवास उत्तम करत, जोड्या जमवत, घरटीही बांधत. पण अंडी सोडून उठून जात. ज्यांची अंडी फुटत, त्यांची पिले क्वचितच मोठी होत. एक कारण सापडले ते चावऱ्या काळ्या माशांचे. त्या इतक्या त्रास देत की पक्ष्यांना अंड्यांवर बसवत नसे. पण एवढ्याने समाधान होईना. झगा घातलेल्या मुक्या आईने वाढवलेल्या पिलाला आईपण कसे करायचे ते ठाऊक नसावे, अशी शंका बळावली. २०१६ च्या सुरुवातीला अमेरिकी वन्यजीव खात्याने विमानांचा प्रयोग थांबवला आणि पिले खऱ्या क्रौंच जोडप्यांकडे वाढवायला देण्यावर भर दिला. तोवर पूर्वेकडच्या या नव्या थव्यात शंभराच्या आसपास पक्षी झाले होते आणि ती वाट ते आजही उडतात.

मग भरतपूरची वाट?

हाच उपाय सायबेरियन क्रौंचांवर का केला नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. प्रयत्न झाले. रशियातल्या ओका अभयारण्यात १९७९ पासून क्रौंचांचे पैदास केंद्र आहे. १९९३ मध्ये या पक्ष्याच्या वाटेवरच्या देशांसाठी एक आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारही झाला. त्याच सुमारास माणसांनी वाढवलेले काही तरुण क्रौंच भरतपूरला आणून जंगली पक्ष्यांजवळ सोडण्यात आले. पाहुण्यांबरोबर तेही उत्तरेला निघतील अशी आशा होती. वसंत आला, जंगली पक्षी उडून गेले. ही पाळीव पोरे मागेच राहिली.

२००२ मध्ये आंजेलो दारिगो या इटालियन साहसवीराने हँगग्लायडरवरून पैदास केंद्रातल्या सायबेरियन क्रौंचांना दक्षिणेकडे नेण्याची मोहीम केली. २००६ मध्ये सिसिलीत एका विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. रशियन पथकांनीही नंतर मोटर लावलेल्या हँगग्लायडरमागे पिले उडवली. वाटेत करड्या करकोच्यांच्या थव्यात ती मिसळावीत आणि पुढची वाट त्यांनी दाखवावी, असा त्यांचा विचार होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी पांढरा झगा चढवून यामालमध्ये असेच उड्डाण केले. पहिल्या खेपेला त्यांच्यामागे एकच पक्षी गेला, आणि त्यावर रशियात विनोदांचा पाऊस पडला.

विस्कॉन्सिन ते फ्लोरिडा हा एकाच देशातला प्रवास होता. रोज संध्याकाळी पुढच्या गावात कुंपण उभे राहत होते. सायबेरिया ते भरतपूर या वाटेवर चार-पाच सरहद्दी आहेत, हिंदुकुशाच्या रांगा आहेत आणि आजच्या अफगाणिस्तानावरून खुर्चीएवढे विमान संथपणे नेऊ पाहणारा वैमानिक मिळाला, तरी त्याला परवानगी कोण देणार? शिवाय पक्षी पोचलेच तर त्यांना पाणी हवे. भरतपूरच्या तळ्यांचे पाणी गंभीर नदीचे. तिच्यावरच्या पांचना धरणाच्या पाण्यावरून शेतकरी आणि उद्यान यांच्यात झालेला तंटा आणि त्यात कोरडी पडलेली तळी राजस्थानने पाहिली आहेत.

तंत्र मात्र मेलेले नाही. ऑस्ट्रियाचे योहानेस फ्रिट्झ २००४ पासून टकल्या आयबिस पक्ष्यांची पिले हलक्या विमानामागे आल्प्सपलीकडे इटलीत नेत आले आहेत. २०११ मध्ये पहिला पक्षी आपणहून परतला. त्यांच्या पथकात झगे नाहीत. पिवळे कपडे घातलेल्या दोन तरुणी 'आया' होऊन पिलांशी दिवसभर बोलतात, त्यांना कुशीत घेतात आणि मग विमानातून हाका मारत त्यांना नेतात. हवामान बदलल्यामुळे आल्प्सची वाट अवघड होऊ लागली, तेव्हा २०२३ मध्ये त्यांनी पिलांना नवीच वाट शिकवली, थेट दक्षिण स्पेनपर्यंतची.

सायबेरियन क्रौंचांच्या पश्चिमेकडच्या समूहातून इराणच्या फेरेदूनकेनारला कित्येक वर्षे एकच नर येत राहिला. जोडीदारीण गेल्यावरही तो हजारो किलोमीटर उडून दर हिवाळ्यात त्याच भातशेतांच्या पाणथळीत उतरे. गावकऱ्यांनी त्याचे नाव 'ओमीद', म्हणजे आशा, असे ठेवले. २०२३ च्या आरंभी बेल्जियमहून पैदास केंद्रातली एक मादी त्याच्यासाठी आणण्यात आली. तिचे नाव 'रोया', म्हणजे स्वप्न. दोघांची गट्टी जमली, दोघे जोडीने नाचली आणि मार्चमध्ये एकत्र उत्तरेला उडाली. पण रोयाचे पंख लांबच्या प्रवासाला सरावलेले नव्हते. थोड्याच दिवसांत ती इराणमध्येच मागे राहिलेली सापडली. ओमीद एकटा पुढे गेला.